संशोधनात सहभागी व्हा, पण उपकाराची फेड म्हणून नको

"डॉक्टर, म्हणजे माझ्यावर प्रयोग करणार का?"

बायपास ठरलेल्या रुग्णाला एखाद्या संशोधनात सहभागी होण्याविषयी विचारलं की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्तच आहे. मला काळजी वाटते ती तो न विचारणाऱ्यांची. "तुम्ही म्हणाल तिथे सही करतो, तुम्हीच आमचे देव," असं म्हणत कागद न वाचताच सही करणारे रुग्ण कमी नाहीत.

संशोधन लागतं कशाला? एक उदाहरण घेऊ. बायपास दोन पद्धतींनी करतात. एकीत हार्ट-लंग मशीनच्या मदतीने हृदय थांबवतात, दुसरीत धडधडत्या हृदयावरच शस्त्रक्रिया होते. यातली चांगली कोणती, यावर सर्जन मंडळींतच वाद होता. 'कोरोनरी' या चाचणीत 19 देशांतले 4752 रुग्ण सहभागी झाले, त्यांत भारतातलेही होते. कोणाला कोणती पद्धत, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. 2012 मध्ये निकाल आला. पहिल्या 30 दिवसांत मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात आणि किडनी निकामी होणं यांचं एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं निघालं. धडधडत्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेत रक्त कमी द्यावं लागलं, पण ब्लॉकवर पुन्हा लवकर उपचार करण्याची वेळ थोडी जास्त आली. आज तुमचा सर्जन या माहितीच्या आधारे निर्णय घेतो, तो त्या रुग्णांमुळे.

म्हणून माझं मत असं, की विचारणा झाली तर लगेच नकार देऊ नका आणि लगेच होकारही देऊ नका. संशोधनाचा फायदा तुम्हालाच होईल याची खात्री नसते. सही करण्यापूर्वी एवढं विचारा:

- नेहमीच्या उपचारांपेक्षा माझ्या बाबतीत वेगळं काय होणार?
- जादा तपासण्या आणि फेऱ्या किती? खर्च कोणाचा?
- धोके कोणते? इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार?
- एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? चाचणीची सीटीआरआयमध्ये नोंदणी झाली आहे का?
- माझी माहिती गुप्त राहील ना?

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी आपल्याकडे 2019 चे नियम आहेत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याची त्यांत तरतूद आहे. सही केल्यावरही, कारण न सांगता, केव्हाही बाहेर पडता येतं.

आम्हा डॉक्टरांचीही जबाबदारी आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, घाबरलेल्या माणसासमोर दहा पानांचा कागद ठेवून घेतलेली सही ही खरी संमती नव्हे. कागद मराठीत हवा, घरच्यांशी बोलायला वेळ हवा.

आणि शेवटचा, मनातच राहणारा प्रश्न: "नाही म्हटलं तर डॉक्टर नीट ऑपरेशन करतील ना?" करतील. तुमच्या नकाराचा उपचारांवर परिणाम होता कामा नये, हा तुमचा हक्क आहे. हे मनापासून पटल्यावर दिलेला होकारच खरा होकार.