दुष्काळात तेरावा महिना

लहानपणी महिना मोजायची आमची पद्धत सोपी होती. मूठ वळायची आणि बोटांची हाडं मोजत जायचं. हाडावर येईल तो एकतीसचा, खळगीत पडेल तो तीसचा. फेब्रुवारी बिचारा जन्मतःच अशक्त, त्याला कुणी काही बोलायचं नाही. दूधवाला, पेपरवाला, वाणी, पोस्ट, बँक आणि सोसायटीचे चिटणीस (जे एरवी कशावरच एकमत होऊ देत नाहीत) या सर्वांचं या मुठीवर एकमत होतं. ते मोडलं मोबाइल कंपन्यांनी. त्यांच्या मुठीला हाडंच नाहीत. त्यांचा दर महिना फेब्रुवारी, आणि तोही लीप वर्षाचा नव्हे.

अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. आपल्या पंचांगकर्त्यांना एक अधिक महिना घुसवायला सुमारे साडेबत्तीस महिने थांबावं लागतं, आणि त्यासाठी सूर्य-चंद्राचा दाखला द्यावा लागतो. कंपन्या दरवर्षी घालतात, कसलाही दाखला न देता. शिवाय खऱ्या अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे तरी मिळतात. इथे जावई, सासरा, मेहुणा सगळेच वाण देतात आणि घेणाऱ्याच्या हातून एक अनारसा सुटत नाही.

यावर मला हमखास एक उत्तर मिळतं : "अहो, तुलना करा ना! बाजार खुला आहे." हे सांगणारे गृहस्थ सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून बसलेले असतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक कागद असतो. त्यावर स्वतःचा अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन, बायकोचा छप्पन्न, मुलाचा चौऱ्याऐंशी आणि वडिलांचा तीनशे छत्तीस. "पर डे काढायचं, पर डे!" असं म्हणत ते मुंब्र्यापासून भागाकार सुरू करतात, आणि कुर्ला आलं तरी बाकी उरलेलीच असते. मग त्यात रोजचे दीड जीबी की दोन जीबी, सोबत फुकट दाखवलेला सिनेमा, आणि तो सिनेमा नको असेल तर काय, हे मिळवा. एवढी आकडेमोड या माणसाने फ्लॅट घेताना केली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच, की जी तुलना करायला माणसाला गणिताचा मास्तर सोबत घेऊन फिरावं लागतं ती तुलना नव्हे, परीक्षा आहे. आणि पेपर काढणारा, तपासणारा व फी घेणारा एकच आहे.

रेल्वेच्या पासचं पाहा. (डोंबिवलीकर उदाहरण देणार ते रेल्वेचंच!) रेल्वेला आम्ही रोज शिव्या देतो, पण तिचा महिना तारखेपासून तारखेपर्यंत असतो. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट, वार्षिक १०.८ पट. जास्त दिवसांचा घेतलात तर किती वाचतं, ते दारावर लटकलेल्या माणसालाही कळतं. ठाण्याचा पास वेगळ्या दिवसांचा आणि कल्याणचा वेगळ्या, असं रेल्वेनेही कधी केलं नाही.

बरं, टेलिफोनच्या बाबतीत आम्ही काही लाडावलेले नव्हेत. ठाण्याला ०२२ आणि आम्हाला ०२५१. नोकरी दादरला, सासर गिरगावात, आणि फोनच्या लेखी आम्ही परगावचे. मोबाइल आला तेव्हा मुंबईच्या परवान्यात कल्याणची एक्स्चेंजं धरली गेली आणि आम्ही एकदाचे मुंबईकर झालो, पण त्यासाठी आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. येणारे कॉल फुकट झाले ते १ मे २००३ पासून. त्याआधी घंटी वाजली की लोक नंबर बघून कॉल तोडत आणि बूथ शोधत. पण बूथवर डोळ्यांसमोर लाल आकडे पळत असायचे. आत्याबाईंच्या संधिवाताचे किती रुपये झाले हे तिथल्या तिथे दिसायचं. २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर काढला. तेव्हा तुलना चौथीतल्या पोराला जमत होती. म्हणजे सोपा दर लावता येत नाही असं नाही. लावायचा नाही, असं आहे.

इथे आमचे चिरंजीव मध्ये पडतात. "बाबा, २०१४ला एका जीबीला अडीचशेच्या वर पडायचे, आता दहाच्या आसपास पडतात." खरं आहे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, काही महिने सगळं फुकट वाटलं गेलं, आणि कंपन्यांची गर्दी ओसरून तीन खाजगी आणि एक सरकारी उरली. जीबी स्वस्त झाले याबद्दल माझा वाद नाही. पण रोजचे दीड जीबी रात्री बाराला उरले तर ते जातात कुठे? दूध उरलं तर आपण विरजण लावतो. दूधवाला रात्री येऊन पातेलं रिकामं करून नेत नाही. खाडा झाला तर कॅलेंडरवर फुली मारून पैसे कापतो. या धंद्यात खाडा आपला आणि पैसे त्यांचे.

आणि ज्यांना जीबी नकोच, त्यांचं काय? आमची आत्या कल्याणला एकटी राहते. वय ब्याऐंशी, फोन बटणांचा. ती स्वतःहून फोन करत नाही. फोन येतात तेवढे घेते. भाचरांचे, डॉक्टरांचे, आणि बँकेचा तो सहा आकडी मंत्र. नुसता नंबर जिवंत ठेवायला २०१८च्या अखेरीस दोन मोठ्या कंपन्यांत अठ्ठावीस दिवसांचे ३५ रुपये पडत. जुलै २०२४मध्ये तिथेच १९९ झाले. तेराने गुणा : ४५५चे २५८७. तिचं निवृत्तिवेतन या वेगाने वाढलं असतं तर तिने कंपनीच विकत घेतली असती. मागच्या चातुर्मासात तिचा अठ्ठाविसावा दिवस उलटला. आधी जाणारे फोन बंद झाले, मग येणारे. दोन दिवस आम्ही सगळे फोन लावत होतो, आणि लागत नाही म्हणून शेवटी मी रात्री साडेदहाची कल्याण गाडी पकडली. आत्या शांतपणे जपमाळ ओढत होती. "कुणी आठवणच काढली नाही रे दोन दिवस," एवढंच म्हणाली. त्या वाक्याचा हिशेब कुठल्या प्लॅनमध्ये घालायचा?

सरकारला हे कळलं नाही असं नाही. जानेवारी २०२२मध्ये ट्रायने फर्मावलं, की किमान एक प्लॅन तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेचा ठेवा. त्या मार्चमध्ये जिओने तारीखवार महिन्याचा प्लॅन काढला २५९ रुपयांना. रोज दीड जीबीचाच अठ्ठावीस दिवसांचा होता २३९ला. मी हिशेब केला : २३९ गुणिले तेरा, ३१०७. २५९ गुणिले बारा, ३१०८. महिना परत मिळाला, वर एक रुपया हमाली.

मग डिसेंबर २०२४मध्ये हुकूम झाला, की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचा आणि मेसेजचा रिचार्ज द्या. जानेवारी २०२५मध्ये ते आले. एअरटेलचा १८४९ला ३६५ दिवस, जिओचा १७४८ला ३३६ दिवस. चौथ्या सीटवरचे गृहस्थ लगेच म्हणाले, "एकशे एक रुपये वाचले!" मी म्हटलं, भागाकार करा. पहिल्याचे दिवसाला पाच रुपये सात पैसे, दुसऱ्याचे पाच रुपये वीस पैसे. स्वस्त तेच महाग. आणि तीनशे छत्तीस म्हणजे काय? अठ्ठावीस गुणिले बारा. महिना तर गेलाच होता, आता वर्षही.

मला फार काही नको. दुकानात डाळीच्या पाकिटावर किलोचा भाव असतो, तसा प्रत्येक प्लॅनवर दिवसाचा भाव ठळक छापा. आणि महिना म्हणाल तर मुठीवरचा म्हणा.

परवा आत्याला घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. पोरगा चुणचुणीत होता. "आजी, एकदम वर्षाचाच टाकून देऊ?"

आत्याने चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, "वर्ष कुणाचं रे? माझं की तुझं?"

पोरगा जरा घुटमळला, कॅल्क्युलेटर काढला, आणि भागाकार करून तो तिच्याकडे फिरवला.