वांधा नोंदविण्याची मुदत

गुजरातीत हरकतीला 'वांधो' म्हणतात. नगररचना योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात एक जाहीर निवेदन येते आणि नागरिकांचे 'वांधा-सूचन' मागविले जाते. मराठीत हाच शब्द आपण फजितीच्या, पंचाइतीच्या अर्थाने वापरतो. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या मराठी माणसाने या शब्दाचा गुजराती अर्थ वेळीच ओळखला असता, तर त्याच्या मराठी अर्थाचा अनुभव घेत बसण्याची पाळी त्याच्यावर आली नसती. हा श्लेष मी गमतीखातर करीत नाही. आपल्या नागरिक-जीवनाचे सारे दैन्य या एका शब्दाच्या दोन अर्थांत साठलेले आहे.

ही वस्ती कशी झाली, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतला शेतकरी आणि शेतमजूर तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या आगगाडीने उधन्याला उतरला आणि यंत्रमागावर वा रंगाईच्या कारखान्यात कामाला लागला. आधी भाड्याची खोली. मग चार पैसे साचल्यावर प्लॉट. हा प्लॉट पुष्कळदा शेतजमिनीचाच तुकडा असे. बिनशेतीची परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही. मूळ मालकाने वा मधल्या दलालाने चुन्याच्या फक्कीने आखणी करायची, एखाद्या देवाचे नाव देऊन 'सोसायटी' काढायची आणि मुद्रांक कागदावर करार लिहून द्यायचा. घेणाऱ्याला वाटे, आपण घर घेतले. वस्तुतः त्याच्या हाती आला तो एक कागद. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर त्याचे नाव नव्हते, आणि नगररचनेच्या नकाशात तर त्याचे अस्तित्वच नव्हते.

आता हा नकाशा म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण आमच्या सुशिक्षितांचेही याविषयीचे अज्ञान अगाध आहे. मुंबई इलाख्याने १९१५ साली नगररचनेचा कायदा केला. तो या देशातला पहिला. पुढे राज्ये वेगळी झाली. महाराष्ट्राने १९६६ च्या कायद्यानंतर विकास-आराखडा आणि भूसंपादन यांवर भर दिला. गुजरातने १९७६ च्या कायद्यात जुनीच 'नगररचना योजना' जोपासली. तिची रीत अशी. एक टापू घ्यायचा, त्यातील सर्वांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, सार्वजनिक कामांसाठी वाटा कापून घ्यायचा आणि उरलेली जमीन सुबक चौकोनी करून ज्याची त्याला 'अंतिम खंड' म्हणून परत द्यायची. कायद्याने शेकडा १५ रस्त्यांना, ५ बागा व मोकळ्या जागांना, ५ शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना आणि १५ प्राधिकरणाला विक्रीसाठी असे प्रमाण सांगितले आहे. दुर्बळ घटकांच्या घरांसाठीही १० टक्क्यांपर्यंत जागा राखता येते. कल्पना उत्तम आहे, यात शंका नाही. एकट्यादुकट्याची सगळी जमीन बुडत नाही, आणि सुरतेचे रुंद रस्ते पाहून पुण्या-मुंबईचा पाहुणा जी वाहवा करतो, तिचे बरेच श्रेय या पद्धतीकडे जाते. परंतु ही पद्धत मोकळ्या शेतासाठी कल्पिलेली आहे. जेथे माणसे आधीच राहत आहेत, तेथे नकाशावरची रेघ कोणाच्या तरी स्वयंपाकघरातूनच जाते. कोणाच्या, एवढाच काय तो प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर त्या एका महिन्यात ठरते.

मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत बाधित व्यक्तीने लेखी हरकत कळवावी आणि प्राधिकरणाने तिचा विचार करावा, असे कायदा सांगतो. बाधित 'व्यक्ती', बरे का. कायद्याने तेथे 'मालक' हा शब्द घातलेला नाही. म्हणजे मुद्रांक कागदावर घर घेतलेला कामगार, भाडेकरू, ज्याच्या दारावरून नवा रस्ता जाणार तो दुकानदार, यांपैकी कोणाचेही तोंड कायद्याने बांधलेले नाही. मग त्या महिन्यात कचेरीत कोण दिसते? ज्याची पाच एकर आहे तो दिसतो. तो वकील घेऊन येतो, नकाशानवीस घेऊन येतो आणि आपला खंड हमरस्त्याला लागून मिळावा म्हणून मुद्देसूद अर्ज देतो. त्याला मी दोष देत नाही. तो आपले हित पाहतो आणि कायद्याने दिलेली वाट चालतो. दोष मी त्यांना देतो जे आलेच नाहीत. आणि त्यांना आणण्याचे ज्यांचे काम होते, त्यांना अधिक देतो.

२०२१ च्या निवडणुकीत सुरतेत ३० प्रभाग आणि १२० नगरसेवक होते. म्हणजे एकेका प्रभागाला चौघे. चौघांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे, हा आपल्या संयुक्त कुटुंबांतला जुना अनुभव येथेही येतो. नगरसेवक गटारीचे झाकण बसवून देतो, दाखल्यावर सही करतो, लग्नाला हजर राहतो, मयतीलाही येतो. या कामांना मी क्षुल्लक म्हणणार नाही. गरिबाला तीही कोणी करून देत नाही. तथापि योजनेच्या मसुद्याची प्रत घेऊन गल्लीत बसला आहे, बोट ठेवून सांगतो आहे की बाई, ही बारा मीटरची रेघ तुमच्या ओट्यावरून जाते, असा नगरसेवक माझ्या पाहण्यात नाही. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या परिशिष्टातील पहिलाच विषय म्हणून नगरनियोजन नगरपालिकांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली, तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. ती दुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तीस वर्षे होऊन गेली. नकाशाची चर्चा अजून प्रभागात उतरलेली नाही.

भाषेचा मुद्दा तर हास्यास्पद म्हणावा असा आहे. सुरतेची पालिका आपल्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू या भाषांतूनही चालविते. हे तिचे औदार्य मोठे आहे आणि त्याचे ऋण मराठी माणसाने मानलेच पाहिजे. पण ज्या पालिकेला मुलाला मराठीतून बाराखडी शिकविता येते, तिला त्याच्या बापाला मराठीतून नोटीस देण्यात कोणती अडचण आहे? चौकटीच्या दोन ओळी, घराघरांत टाकलेले एक पत्रक, एवढाच हा खर्च.

येथे कोणी म्हणेल, की बारा तास मागावर उभा राहणारा माणूस नकाशे काय वाचणार? हा युक्तिवाद दयेचा दिसतो. मुळात तो तुच्छतेचा आहे. हाच माणूस गणेशोत्सवाचे मंडळ चालवितो. वर्गणीचा हिशेब ठेवतो, मंडपाची परवानगी काढतो, पोलीसचौकीत जाऊन मिरवणुकीचा मार्ग ठरवून येतो. म्हणजे नकाशा त्याला चांगला वाचता येतो! शिवजयंतीला तो हजारोंनी रस्त्यावर उतरतो. १६६४ आणि १६७० साली शिवाजीमहाराज सुरतेवर आले तेव्हा काय घडले, यावर आमच्यांत घरोघर वाद झडतात. त्याच घराला 'माझा अंतिम खंड क्रमांक कोणता' असे विचारा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सुरतेची आम्हांला इत्थंभूत माहिती आहे, आणि ज्या सुरतेत आम्ही कर भरतो तिची नाही.

हरकतीची मुदत गेली की क्षमेची सुरू होते. अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याचा कायदा गुजरातने २००१ साली केला, २०११ साली पुन्हा केला, २०२२ साली आधी अध्यादेश आणि मग कायदा असा तिसऱ्यांदा केला. दर दहा वर्षांनी कुंभमेळा भरावा तशी ही पर्वणी येते. प्रत्येक वेळी कारण एकच दिले जाते: इतकी बांधकामे पाडायची कशी? प्रश्न खरा आहे. पण एकदा क्षमा विकत मिळते हे कळल्यावर बांधणाऱ्याने परवानगी का मागावी? तो शुल्क आधीच भावात धरतो. आणि ही क्षमा मिळते तीही ज्याच्याजवळ कागद आहे त्याला. मुद्रांक कागदावर घर घेतलेल्या लिंबायतच्या माणसाची मालकीच सिद्ध होत नाही, तर त्याचे बांधकाम नियमित कसे होणार? मोठ्या इमारतीचा चढविलेला मजला तरून जातो; याची पत्र्याची खोली वर्षानुवर्षे बेकायदाच राहते.

या व्यवहाराचा हिशेब पैशांत संपत नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग होता. तो मजला परवानगीवाचून चढविलेला होता. जिना पेटला, मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. २२ जीव गेले. तो मजला काही एका रात्रीत चढला नव्हता. विटा रस्त्यानेच आल्या होत्या आणि त्या रस्त्यावरून रोज शेकडो लोक जात होते. ६ जुलै २०२४ रोजी सचिनजवळच्या पाली गावात अवघ्या सात-आठ वर्षांपूर्वी बांधलेली बहुमजली इमारत कोसळली आणि ७ जण दगावले. या बाजूची गावे ग्रामपंचायतीच्या राजवटीतून शहराकडे सरकत आलेली आहेत. पालिकेची हद्द २००६ साली सुमारे ११२ चौरस किलोमीटरांवरून ३२६ वर गेली, २०२० साली आणखी वाढून ४६० च्या आसपास पोचली. हद्दवाढीची कुणकुण लागली की गावोगाव घाईघाईने मजले चढू लागतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. जुनी पंचायत जाणार असते, नवी पालिका यायची असते. मधल्या काळात पाहणारे कोणीच नसते.

आणि खाडी! कोकणच्या वाचकाने येथे भरती-ओहोटीची, होड्यांची खाडी डोळ्यांपुढे आणू नये. सुरतेच्या पूर्वभागात शेतांचे पावसाळी पाणी वाहून नेणारे मोठे नाले आहेत, त्यांना खाडी म्हणतात. मिठी खाडी लिंबायतजवळून जाते. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणाचे पाणी सुटून तापीने शहर बुडविले, ते साऱ्या देशाने पाहिले. खाडीच्या पुराला ते भाग्य नाही. २०२४ च्या जुलैत तो आला, २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा आला. दरवेळी त्याच त्या वस्त्यांत पाणी शिरते. नाल्याच्या पात्रात भराव घातला, काठावर बांधकाम आले, म्हणजे पाण्याने जावे कोठे? ज्याने काठावर घर बांधले त्याला आपण बेकायदा म्हणतो. पण तो प्लॉट आखून विकणाऱ्याचे नाव कोणत्या पंचनाम्यात आले?

सुरतेला हरकत घेता येत नाही, असे मात्र नाही. १८४४ साली कंपनी सरकारने मिठावरचा कर आठ आण्यांवरून रुपयावर नेला, तेव्हा हेच शहर रस्त्यावर आले आणि सरकारला कर खाली आणावा लागला. १८४८ साली बंगालची वजनेमापे लादण्याचा बेत लोकांनी हाणून पाडला. अलीकडे आपल्याला दुसरी सवय लागली आहे, आणि ती १९९४ च्या प्लेगनंतर विशेष लागली. १९९५ साली आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी घाणीने बदनाम झालेले हे शहर दोनएक वर्षांत स्वच्छ करून दाखविले. त्यांचे यश निर्विवाद आहे. परंतु तेव्हापासून सुरतकर नगरसेवकाकडे पाहीनासा झाला. तो चांगल्या आयुक्ताची वाट पाहत बसतो.

या मासिकाचे कोकणी वाचक म्हणतील, हे सुरतेचे गाऱ्हाणे आम्हांला कशाला? त्यांनीच तर याचे उत्तर देऊन ठेवले आहे. २००६ साली गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ प्रसिद्ध झाला, तेव्हा लोकांनी गावोगाव नकाशे पसरून आपले डोंगर आणि शेते कोठल्या रंगात रंगविली आहेत ते शोधले, गोवा बचाव अभियान उभे केले, आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढे 'अनवधानाने झालेल्या चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा रंग बदलण्याची सोय कायद्यात आली. तिचे नियम उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये रद्द ठरविले. गोव्याचा माणूस जन्मतः शहाणा आहे असे नव्हे. त्याने नकाशा उघडला, इतकेच.

सुरतेच्या मराठी मंडळांकडे माझे मागणे मोठे नाही. मंडपाच्या रोषणाईतून थोडी रक्कम बाजूला काढा आणि आपल्या टापूच्या नगररचना योजनेची प्रत मिळवा. एखाद्या निवृत्त शिक्षकाला, एखाद्या तरुण अभियंत्याला ती मराठीत समजावून सांगायला बसवा. पुढची जाहीर नोटीस निघेल त्या दिवशी ती फलकावर लावा आणि महिना संपण्याची तारीख वर मोठ्या अक्षरांत लिहा. या भाद्रपदात निदान एका मंडळाने देखाव्याच्या जागी तो नकाशा टांगावा. आरतीला आलेल्या प्रत्येकाने आपले घर त्यावर बोटाने शोधावे, आणि खाडी कोठून जाते तेही.