समुद्रदेव कोल्हापुरात!

कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, रंकाळा, मिसळ आणि परत गाडीत. आम्हीही वर्षानुवर्षं हेच केलं. मागे एकदा लेकीला घेऊन टाउन हॉल म्युझियममध्ये शिरलो. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी ब्राँझमूर्ती इथलीच. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली.

"बाबा, पण इथे समुद्र कुठाय?"

उत्तर कपाटात नव्हतंच! मग पंचगंगेच्या घाटावर गेलो, तिला ब्रह्मपुरीची टेकडी दाखवली. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी व्यापार चालायचा, कोकणातल्या बंदरांवरून माल घाट चढून यायचा, हे तिला तिथे पटलं.

माझं म्हणणं इतकंच, आधी वस्तू बघा, मग तिची जागा. नाहीतर तो नुसता डेटा, संदर्भाशिवायचा. मिसळ काय, नंतरही मिळतेच की!