हाडांत मुरलेले शिसे

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्टीवरचा कामगार पायाचा अंगठा सुजला म्हणून दवाखान्यात गेला, की त्याला बहुधा वेदनाशामक गोळी मिळते. फार तर युरिक अ‍ॅसिड तपासतात, पथ्य सांगतात. ‘काम काय करतोस?’ हे मात्र क्वचितच विचारले जाते. आमची मागणी या प्रश्नापासून सुरू होते.

लंडनचे डॉक्टर अल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड यांनी हा प्रश्न विचारला होता. गाऊटच्या, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजण्याच्या विकाराच्या, आपल्या रुग्णांपैकी किमान चौथ्या हिश्श्याला आधी शिशाची बाधा झालेली होती आणि त्यांत रंगारी व नळकारागीर अधिक होते, असे त्यांनी १८५९ मध्ये नोंदवले. त्यामागचे कारण आता स्पष्ट आहे. शिशाने मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका बिघडतात, युरिक अ‍ॅसिड लघवीवाटे पुरेसे बाहेर पडत नाही आणि त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. दुखणे अंगठ्यात असले तरी बिघाड मूत्रपिंडात असतो; म्हणून नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. त्यात प्रौढांच्या शरीरातले ९० टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत मुरते आणि तिथून कित्येक वर्षे रक्तात उतरत राहते. भट्टी सुटली तरी शिसे सुटत नाही.

प्रत्येक गुडघेदुखीचे खापर धातूंवर फोडावे, असे आम्ही म्हणणार नाही. वय, वजन, जुनी दुखापत ही कारणे खरीच आहेत. तंबाखूच्या धुरात कॅडमियम असते आणि धूम्रपानाने संधिवाताचा धोका वाढतो. पण त्यात कॅडमियमचा वाटा किती, याचा शोध अजून चालू आहे. हाडांबाबत मात्र पुरावा भयंकर आहे. जपानच्या तोयामा प्रांतात खाणीतले कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत उतरले आणि ठिसूळ झालेली हाडे साध्या हालचालीनेही मोडू लागली. बळी मुख्यतः उतारवयाकडे झुकलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या. हा प्रदूषणाचा आजार आहे, हे सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. तोवर कित्येकींचे आयुष्य अंथरुणातच संपले होते.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा सरकारला कळवणे बंधनकारक केले. बॅटऱ्यांसाठी २००१ आणि २०२२ मध्ये नियम झाले. पण विनापरवाना भट्टी कोणत्याच नोंदवहीत नसते, मग तिथला आजारी माणूस तरी कुठून असणार? युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. त्यांच्या हाडांत ते आजच साठते आहे.

जिल्हा रुग्णालयांत रक्तातील शिशाची तपासणी मोफत व्हावी. सांधेदुखीच्या रुग्णाच्या केसपेपरवर त्याचा सध्याचा आणि आधीचा व्यवसाय लिहिला जावा. एखाद्याच्या रक्तात शिसे सापडले, तर त्याच्या घरच्यांचीही तपासणी त्याच आठवड्यात व्हावी, कारण शिशाची धूळ कामाच्या कपड्यांवरून घरात पोहोचते. आणि भट्टी बंद करताना तिथल्या मजुराला गुन्हेगार ठरवू नये. त्याच्याकडून स्वस्तात शिसे विकत घेणाऱ्यापर्यंत चौकशी गेली पाहिजे.