फायबरचा जिराफ

सुशोभीकरणाच्या फायलींवर मी इतक्यांदा लिहिलंय की संपादक आता नुसते हसतात. पण या आठवड्यात एका वाचकाने परदेशातल्या सायकलवाटेचे फोटो पाठवले. पडलेल्या झाडांच्या बुंध्यांतून कोरलेले घुबड, कोल्हा, साळिंदर वाटेच्या कडेला उभे. खाली प्रश्न: ‘आपल्याकडे असं कधी होणार?’ झालंय की! आमच्या गावच्या किनाऱ्यावर फायबरचा जिराफ उभा आहे. मान कललेली, रंगाचे पोपडे निघालेले, आणि उद्घाटनाची पाटी मात्र शाबूत.

जिराफ परका म्हणून मी चिडतो, असं समजू नका. जंजिऱ्याच्या महादरवाज्यावर कोरलेला तो वाघासारखा प्राणी तरी कुणी कुठल्या रानात पाहिला आहे? पंजांत हत्ती, शेपटीत हत्ती! कल्पनेतलंच जनावर ते. पण होडीतून दरवाज्याशी उतरणाऱ्याला ते आजही दम भरतं: आत कुणाचा अंमल आहे ते ओळखून पाऊल टाक. कोरणाऱ्याला ठाऊक होतं, हे कोण बघणार आणि त्याला काय वाटायला हवं. आमचा जिराफ कुणाला काय सांगतो? कॅटलॉगात हत्तीपेक्षा तो स्वस्त होता, एवढंच. पुरावा माझ्याकडे नाही. टेंडर दाखवा, शब्द मागे घेतो.

मुरूडजवळच फणसाडचं अभयारण्य आहे, 1986 साली जाहीर झालेलं. त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. तिथे आपला राज्यप्राणी शेकरू आहे, बिबट्या आहे, भेकर आहे. रायगडच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मांडव्याला रो-रो बोटीतून सायकल उतरवून काशिदपर्यंत येणाऱ्या मुंबईकराला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो जिराफ.

हेच प्राणी कोरायला लाकूड कुठून आणायचं, हे तर विचारूच नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या. आंबा-फणसाचे दोन-चार बुंधे तरी राखा, असं याच सदरात तेव्हा लिहिलं होतं. वाचलं कुणी?

खाऱ्या हवेत लाकूड टिकत नाही, असं साहेब म्हणतील. मग लाकडी होडी कशी टिकते? दर पावसाळ्यात तिला वर ओढतात, खरवडतात, तेल पाजतात. लाकडी शेकरूलाही तेवढंच लागेल. पण डागडुजीची फीत कापता येत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसेही ठेवले जात नाहीत.

तेव्हा सरपंच, यंदाच्या फायलीत दोन ओळी वाढवा. वादळात पडलेलं मोठं झाड लिलावात काढण्याआधी सुताराला दाखवायचं. आणि प्राणी कोरण्याचे नि दरसालच्या डागडुजीचे पैसे होड्या दुरुस्त करणाऱ्या त्याच सुताराला द्यायचे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तो किनाऱ्यावरच सापडेल.