नुसती पिशवीच तर आहे!

"अगं, नुसती पिशवीच तर आहे!" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. प्रदर्शनात, लग्नकार्यात, फोनवर, अगदी आमच्या येरवड्याच्या घरी माझ्याच हातचा चहा पितानासुद्धा. वाक्याचं शेपूट तेवढं बदलतं. अनोळखी बाई असेल तर "आठशेला द्या". नात्यातली असेल तर "तुझा वेळ जातो ना बरा, मग झालं तर!"

मंडळी, मला पहिलीचा फारसा राग येत नाही. घासाघीस आपल्या रक्तातच आहे, मीही मंडईत करते. राग येतो तो दुसरीचा. वेळ जायला मला पुस्तकं आहेत, गच्चीतल्या कुंड्या आहेत, वायफळ लिहायला हे पान आहे. पिशव्या मी विकायला शिवते. (आत्या, हे तुला उद्देशून नाही गं. थोडंसं आहे.)

आधी ती 'नुसती' पिशवी काय असते ते एकदा सांगूनच टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

खणाचं कापड मूळचं चोळीचं. गुळेदगुड्डचा विणकर ते विणतो ते अंगावर बसण्यासाठी. दोन किलो बटाटे आणि पाण्याची बाटली उचलण्यासाठी नव्हे. म्हणून त्याला मागून कॅनव्हास लावायचा, मध्ये फोम, आत अस्तर, आणि चारही थर एकमेकांवरून सरकू न देता शिवायचे. तिरकं कापलं तर कापड ओढलं जातं आणि पिशवी महिन्याभरात एका बाजूला तोंड वाकडं करून बसते. हे झालं कापडाचं. चामड्याची तऱ्हा आणखी वेगळी. कापडावर चुकलेली शिवण उसवता येते, चामड्यावर पडलेलं भोक कायमचं. टाचणी लावायची सोय नाही, चिमटे लावायचे. जनावराच्या पाठीकडचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं ताणतं. बंद पोटाकडच्या भागातून कापले तर वर्षभरात ते खांद्यावरून गुडघ्यापर्यंत पोहोचतात. कडा रापीने तासून पातळ करायच्या, नाहीतर दुमडल्यावर जाड वळकटी होते. आणि बंद मी हाताने शिवते, दोन सुया घेऊन, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी. मशीनची शिवण एका ठिकाणी तुटली की तिथून उसवत जायची भीती. या शिवणीत एक दोरा झिजून तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. पिशवीत जीव असतो तो नेमका त्या चार इंचांत, जिथे बंद अंगाला जोडलेला असतो. गिऱ्हाईक तिथे कधीच बघत नाही. ते आत किती कप्पे आहेत ते मोजतं.

आता हिशोब. माझ्या मोठ्या पिशवीला खण, कॅनव्हास, अस्तर, दोन चौरस फूट चामडं, चेन, कड्या मिळून पाचशे चाळीस रुपये लागतात. स्टॉलचं भाडं आणि न विकलेल्या मालाचा वाटा धरून दीडशे. वेळ सात तास. विकते साडेचौदाशेला, म्हणजे माझ्या हाती उरतात सातशे साठ. तासाला एकशे आठ-नऊ रुपये पडले. "आठशेला द्या" म्हणणाऱ्या बाईंना दिली तर उरतील एकशे दहा. तासाला सोळा रुपयेसुद्धा नाहीत.

हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

येरवड्याला राहते म्हटलं की लोक पहिला विनोद जेलवरच करतात. "सुटलीस कधी?" वगैरे. हसून घ्यायचं. पण या जेलमध्ये कारखानाही आहे, आणि तिथल्या कैद्यांनी केलेलं सुतारकाम, विणलेलं कापड, चामड्याच्या वस्तू बाहेर विक्रीला येतात. माल मजबूत असतो असं पुण्यातली जुनी माणसं आवर्जून सांगतात, आणि सांगताना "स्वस्तही असतो" हे जोडतात. स्वस्त का असतो? ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या कैद्यांची मजुरी वाढली, तेव्हा कुशल कैद्याचा रोज ६७ रुपयांवरून ७४ झाला आणि अकुशलचा ४८ वरून ५३. रोज हं, तासाला नव्हे. आठ तासांचा दिवस धरला तर कुशल हाताला तासाला सव्वानऊ रुपये. कैद्यांच्या कामाला न्याय्य मोबदला द्यायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलं होतं. त्यातून खाण्याकपड्याचा खर्च वजा करायला आणि काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी राखायला कोर्टाची ना नव्हती. वजावट धरूनही ७४ हा आकडा माझ्या घशाखाली उतरत नाही. पण निदान तिथे आकडा कागदावर लिहिलेला आहे आणि तो वाढवण्याबद्दल कुणीतरी बोलू शकतं. माझ्या आत्याने ठरवलेला दर, म्हणजे "वेळ जातो ना बरा", हा शून्य रुपये आहे.

आता चामड्याकडे येते, कारण खरी गोम तिथेच आहे.

मी नुसत्या कापडाच्या पिशव्या शिवत होते तोवर घरात कौतुक होतं. चामडं आणलं त्या दिवसापासून सूर बदलला. "कापडाचं ठीक आहे, पण ते कशाला?" 'ते' म्हणजे काय हे कुणी उच्चारत नाही. ज्यांनी हे विचारलं त्यांच्या कमरेला चामड्याचा पट्टा होता आणि खिशात चामड्याचं पाकीट. म्हणजे वापरायला हरकत नाही, शिवायला आहे. मला आरी धरायला शिकवली ती आमच्या भागात चपला दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी. दोऱ्याला मेण किती लावायचं, चामडं कुठल्या बाजूने ओढून बघायचं, हे त्यांनी दाखवलं, आणि मी शिकवणीचे पैसे देऊ केले तेव्हा ते गोंधळले, कारण या कामाची शिकवणी असते हेच त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. माझ्या पिशवीवर 'हस्तकला' अशी चिठ्ठी लागते. तोच टाका त्यांच्या हातातून पडला की ती 'दुरुस्ती' होते आणि वीस रुपये देतानाही लोक "दहात कर" म्हणतात. पूर्वी गावाची मोट, पखाल, वहाणा सगळं ज्यांच्या हातून झालं त्यांना बलुतं मिळायचं, तेही सुगीला, आणि वर वेशीबाहेरचं घर. आपण आज 'आर्टिसनल' म्हणतो ते हेच काम. हात बदलला की नाव बदलतं आणि नाव बदललं की भाव बदलतो.

हे सगळं एरवी मी मनातच ठेवलं असतं. पण २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आमचा नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटून उठला. चोरी! सांस्कृतिक दरोडा! ज्या मावशींनी महाद्वार रोडला एका जोडामागे दीडशे रुपये कमी करवल्याची गोष्ट दर दिवाळीला सांगितली आहे, त्यांनी सर्वात लांब निषेध लिहिला. राग खोटा नव्हता, हे मी मान्य करते. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचा तो माल, आणि त्यांनी सुरुवातीला नावही घेतलं नव्हतं. चिडायलाच हवं होतं. पुढे त्यांनी भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार जाहीर झाला: दोन हजार जोड इथे बनवून घेणार, किंमत सुमारे ८०० युरो.

आठशे युरो! ग्रुपवर परत आनंदीआनंद. "बघा, आपल्या कलेची किंमत गोऱ्यांना कळली." अहो, गोऱ्यांना कळली हे ठीक, आपल्याला कधी कळणार? चपलेच्या टाक्याला मिलानमध्ये आठशे युरो मिळाले तर अभिमान, आणि पुण्यात तोच टाका चौदाशे रुपयांच्या पिशवीवर असला तर "लुटायला बसलेत". त्या आठशेतले किती युरो शिवणाऱ्याच्या हातात पडणार, हा प्रश्न मी ग्रुपवर विचारला. उत्तर म्हणून दोन नमस्काराचे हात आले :)

धारावीतले सुधीर राजभर यांचं काम मला यासाठीच आवडतं. २०१५ मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी घालणारा कायदा राज्यात लागू झाला, त्यानंतर चामड्यावर पोट असलेल्या अनेकांचं काम बसलं. राजभरांनी त्या कारागिरांना बरोबर घेऊन टाकाऊ रबरापासून बॅगा करायला सुरुवात केली आणि नाव ठेवलं 'चमार स्टुडिओ'. जे नाव शिवीसारखं वापरलं गेलं तेच लेबलावर. गोड गोड 'हेरिटेज', 'वारसा' अशी नावं ठेवून कारागीर झाकायचा आणि माल विकायचा, या आपल्याकडच्या पद्धतीपेक्षा हे कितीतरी सरळ.

हो, आणि एक आक्षेप ब्लॉगवाल्या मित्रमंडळींचा. "मशीनवर शिवतेस, मग हँडमेड कसलं?" याचं उत्तर जेलमध्ये जाऊन आलेल्याच एका माणसाने देऊन ठेवलंय. गांधीजी १९२४ मध्ये येरवड्यातून सुटले, आणि त्याच वर्षी यंत्रांविरुद्धची आपली भूमिका समजावताना सिंगरच्या शिलाई मशीनला त्यांनी अपवाद म्हणून वगळलं होतं. पुढे याच तुरुंगात पेटीत मावणाऱ्या चरख्यावर त्यांनी काम केलं, तो 'येरवडा चक्र' म्हणून ओळखला जातो. चरखा हेही यंत्रच. यंत्र माझ्या पायाच्या वेगाने चालतं की मी यंत्राच्या, एवढाच प्रश्न असतो. माझं पायाने चालतं, आणि पाठ दुखली की थांबतं.

"बाजारात तीनशेला बॅग मिळते" म्हणणाऱ्यांशी मात्र मी भांडणार नाही. ज्याला तीनशेच परवडतात त्याने खुशाल ती घ्यावी. माझं भांडण ज्यांना परवडतं त्यांच्याशी आहे. मॉलमध्ये सहा हजारांच्या रेक्झिनवर मुकाट कार्ड घासायचं आणि बाहेर येऊन शिवणाऱ्या बाईला "ताई, काहीतरी कमी करा ना" म्हणायचं, त्यांच्याशी. आणि छापील पॉलिएस्टरला 'खण' म्हणून विकणाऱ्या स्टॉलवाल्यांशी, पण त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी, कारण तो विषय निघाला की मी थांबत नाही.

असो. तर ज्यांनी ज्यांनी "आमच्यासाठी एक ठेव हं" म्हणून सांगून ठेवलंय त्यांच्यासाठी: खणाची मोठी पिशवी, चामड्याचे बंद, येत्या पाडव्यापासून सोळाशे पन्नास. बंद तुटला तर कधीही आणून द्या, शिवून देईन, त्याचे पैसे नाहीत. भाव घरच्यांनाही तोच. आत्या, तुलाही.