‘नेट गेले’ हे निदान नव्हे

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पावसाळा लागला की एक वाक्य फार ऐकू येते : “नेट गेले.” पडद्यावर चित्र आले नाही, नेट गेले. परवलीचा शब्द चुकला, तरीही नेटच गेले! अंगात ताप भरला म्हणून आपण लगेच मलेरिया म्हणत नाही. आधी रक्त तपासतो. मग जोडणी न तपासता टॉवरला दोष का द्यावा? टॉवर दुबळे होते, हे खरेच. नक्षलप्रभावित भागांतील टू-जी टॉवरांचे फोर-जीत रूपांतर करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२२ साली मंजुरी दिली, ती काही उगाच नव्हे. पण प्रत्येक वेळी गुन्हेगार तोच असतो, असे मात्र मुळीच नाही.

प्रश्न किरकोळ नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. सिरोंच्याहून चंद्रपूर गाठायचे तर दिवसाचा मोठा भाग एस.टी.तच जातो. अशा मुलखात शहरातल्या प्रयोगशाळेचा संगणक गावात बसून वापरता आला, तर केवढी सोय! मोठी कामे करणारे असे संगणक बहुधा ‘लिनक्स’ या कार्यप्रणालीवर चालतात. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला. पुण्याच्याच ‘आयसर’ संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्मा’ उभा राहिला. जगातील अव्वल ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरी कार्यप्रणालीच नाही. अशा यंत्रापुढे प्रत्यक्ष बसून कोणी काम करीत नाही. सारे दुरूनच जोडणी करतात.

आता समजा, तुम्ही अहेरीला आहात आणि चंद्रपूरच्या एखाद्या महाविद्यालयातील लिनक्स सर्व्हरचा पडदा तुम्हाला आपल्या संगणकावर पाहावयाचा आहे. सर्व्हरवर ‘एक्सआरडीपी’ नावाचा एक प्रोग्राम हे काम करतो. तो ३३८९ क्रमांकाच्या दाराशी कान देऊन बसलेला असतो. या दाराला ‘पोर्ट’ म्हणतात. तुमचा निरोप तेथे पोचला की तो नाव व परवलीचा शब्द विचारतो, ओळख पटली की तुमच्यासाठी एक पडदा मांडतो आणि त्याचे चित्र तुमच्याकडे धाडू लागतो. म्हणजे रस्ता, दार, ओळख आणि पडदा असे हे चार टप्पे झाले. बिघाड यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे, हे यंत्र बहुतेक वेळा स्वतःच सांगते. आपण ते वाचीत नाही, एवढेच.

दोन संदेश घ्या. एकात लिहिलेले असते, ‘जोडणी नाकारली’. दुसरा बराच वेळ ताटकळत ठेवून सांगतो, ‘वेळ संपली’. पुष्कळांना दोन्ही सारखेच वाटतात. माझ्या मते सारी गोम येथेच आहे. एखाद्याच्या घरी जाऊन तुम्ही दार ठोठावले आणि आतून आवाज आला, “आता भेटता येणार नाही.” काम झाले नाही हे खरे, पण घर सापडले, रस्ता नीट होता आणि घरात माणूस जागा आहे, एवढे तरी कळले ना? ‘नाकारली’ याचा अर्थ बहुधा हाच असतो. टॉवर, तारा, सर्व्हरची वीज सारे ठीक आहे. फक्त एक्सआरडीपी बंद पडला आहे. तो पुन्हा सुरू करणे हे मिनिटाभराचे काम.

‘वेळ संपली’ म्हणजे मात्र आतून हूं की चूं नाही. सर्व्हर बंद असेल, पत्ता चुकला असेल, किंवा मधली ‘फायरवॉल’ तुमचा निरोप मुकाट्याने टाकून देत असेल. शिवाय १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता वापरला असेल, तर तो बाहेरून चालणारच नाही. असा पत्ता वर्गातल्या हजेरी क्रमांकासारखा असतो. ‘क्रमांक ७’ प्रत्येक शाळेत आहे. गावाबाहेरून त्याला पत्र कसे पोचावे? रस्ता तपासण्यासाठी ‘पिंग’ ही १९८३ पासूनची साधी आज्ञा आहे. मात्र काही सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, हे लक्षात असू द्या.

परवलीचा शब्द स्वीकारला गेला आणि पडदा काळाच राहिला, तर रस्ता, दार, ओळख तिन्ही सुटले. अशा वेळी टॉवरला शिव्या देणे हा निव्वळ अन्याय होय. बहुधा तुम्ही त्याच नावाने प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर प्रवेश करून तसेच निघून आलेले असता. कधी सर्व्हरची डिस्क भरलेली असते. कधी तर त्यावर चित्रमय पडद्याची व्यवस्थाच बसवलेली नसते. मग चित्र येणार कोठून?

आता थोडे गणित. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाला २४ बिटे धरली, तर एका चित्राला जवळजवळ ५ कोटी बिटे लागतात. सेकंदाला १० लाख बिटे नेणाऱ्या जोडणीवर हे चित्र जसेच्या तसे धाडले, तर ५० सेकंद जातील! म्हणून बदललेला भागच दाबून, लहान करून पाठवतात. तरी ओझे राहतेच. जोडणी भूस्थिर उपग्रहामार्गे असेल, तर आणखी एक अडचण. तो ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. निरोप वर जाऊन खाली येतो, उत्तरही तसेच येते. प्रकाशाच्या वेगानेही यात सुमारे अर्धा सेकंद जातो. येथे कोणाचीच चूक नाही.

यावर माझे स्पष्ट मत असे, की आमच्या भागात मुलांना आधी ‘एसएसएच’ शिकवावे, चित्रमय पडदा नंतर. फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी १९९५ साली केलेल्या या साधनात फक्त अक्षरे ये-जा करतात, तीही कुलूपबंद. दुबळ्या जोडणीवरही ते तग धरते. शिवाय ३३८९ चे दार साऱ्या जगाला उघडे ठेवण्यापेक्षा पडद्याचे चित्र एसएसएचच्या २२ क्रमांकाच्या दारातून नेणे केव्हाही सुरक्षित. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायला मुले घाबरतात, असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. मोबाईलवर भराभर मराठी लिहिणाऱ्या मुलाला दहा-बारा आज्ञा जड का जाव्यात?

खरी उणीव आमच्या प्रयोगशाळांतच आहे. ओहमच्या नियमाचा प्रयोग आम्ही नीट जोडलेल्या मंडलावर करून घेतो. एखादी तार मुद्दाम सैल करून ‘दोष शोधा’ असे परीक्षेत कोणी विचारत नाही. मग दोष शोधायची सवय लागावी कशी?

पुढच्या वेळी अहेरीहून चंद्रपूरला फोन कराल, तेव्हा “सर, नेट गेले” असे सांगू नका. “सर, २२ चे दार उघडते, ३३८९ नाकारते” असे सांगा. पलीकडचा माणूस फोन खाली ठेवायच्या आत एक्सआरडीपी सुरू करून देईल.